निरोगी मासे, हौद क्रमांक एक

माशाला मान नसते. ती जिथे असायला हवी होती तिथे, डोक्याच्या मागे, त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग असतो. हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नव्हतं. पण प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेत एक देखरेख समिती असावी लागते आणि त्या समितीत एक सामान्य माणूस असावा लागतो, असा नियम आहे. विज्ञान न कळणारा, संस्थेशी संबंध नसलेला आणि दुपारी मोकळा असलेला. या तिन्ही बाबतींत माझा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता.

काम सोपं होतं. दर तीन महिन्यांनी जायचं, बिस्किटं खायची, 'माशांना त्रास होत नाही ना?' असं विचारायचं आणि 'नाही' असं उत्तर आलं की सही करायची. तोंडावर सगळे मला काका म्हणत. पाठीमागे 'सामान्यकाका' म्हणत, असं मला चहा आणून देणाऱ्या बाईंनी सांगितलं.

वर्षातून एकदा मात्र प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी लागे. ती मला पेशीताईनं दाखवली. तिशीतली मुलगी, बारीक, चष्म्याच्या एका काचेवर कायम कसला तरी डाग. माशाच्या अंगात विषाणू शिरला की त्याच्या रक्षक पेशी काय करतात, हा तिचा अभ्यास. बायका सासरच्या माणसांबद्दल बोलतात तसं ती पेशींबद्दल बोलायची, म्हणून पेशीताई.

दारातच तिनं मला मास्क दिला आणि म्हणाली, "काका, ओकारी आली तर त्या डाव्या बेसिनमध्ये. उजव्यात नको. उजवं निर्जंतुक आहे."

मी हसलो. तिला वाटलं मी हसतोय, म्हणजे मला जमेल.

तिनं बादलीतला एक मासा गुंगीच्या पाण्यात सोडला. तो जरा वेळ तोंड उघडत-मिटत राहिला, मग एका अंगावर कलला आणि तसाच संपला. तिनं त्याचं पोट कापलं. आत मला ठाऊक नसलेले दोन-तीन रंग होते. वास मास्कमधून गाळून आला आणि गाळल्यामुळे आणखी बारीक झाला. एखादं ओलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावं आणि मग ती पिशवी तोंडाजवळ आणून सोडावी, तसा. डोक्यामागून तिनं चिमट्यानं शिळ्या जॅमसारखं काळपट लाल काहीतरी उचललं, नायलॉनच्या जाळीवर ठेवलं आणि सिरिंजच्या दट्ट्यानं घोटायला सुरुवात केली. पच्च, पच्च असा आवाज येत होता.

"हे त्याचं मूत्रपिंड," ती म्हणाली. "माशाच्या हाडांत आपल्यासारखा मगज नसतो ना. रक्त, रक्षक पेशी, सगळा कारखाना इथे."

"आणि मूत्र?"

"ते याच्याच मागच्या भागात."

"इतकं लागून?"

"घर लहान आहे हो त्याचं, काका."

घोटलेला लगदा तिनं नळीत भरला, नळी यंत्रात गरागरा फिरवली आणि मला दाखवली. मधोमध दुधावरच्या सायीसारखं एक पांढुरकं कडं दिसत होतं. त्या रक्षक पेशी. सायीची उपमा तिची, आणि त्या दिवसापासून मी चहा कोरा पितो.

"आता यात विषाणू घालायचा," ती म्हणाली. "विषाणू एका पेशीत शिरला, की ती पेशी मरता मरता ओरडते. म्हणजे इंटरफेरॉन नावाचं एक रसायन सोडते. शेजारच्या पेशींना ते कळतं आणि त्या दारं-खिडक्या लावून घेतात."

"मदतीला नाही जात?"

"नाही."

"आमच्या इमारतीत असंच आहे."

"पण भक्षक पेशी जातात ना! त्या जाऊन मेलेल्या पेशी खाऊन टाकतात."

"बाई गं," मी म्हणालो, "ही माहिती समितीसाठी आवश्यक आहे का?"

ओरडणं किती, ते एक यंत्र मोजायचं. पडद्यावर रेषा चढली की पेशी ओरडताहेत. सपाट राहिली की शांत आहेत. तुलनेसाठी कधीही विषाणू न पाहिलेले मासे लागतात. ते हौद क्रमांक एकमध्ये. त्यांची रेषा सपाटच यायला हवी. ती सपाट नसेल तर बाकीच्या रेषा कितीही चढोत, त्यांना कवडीची किंमत नाही. एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

मग तिनं मला हौदखोली दाखवली. फरशीवर पाय ठेवला तिथून तो सरकला. चार हौद, चार जाळ्या, चार बादल्या. एकाची जाळी दुसऱ्यात बुडाली तर पेशीताई माणूस मारेल, असं तिथल्या हौदतात्यानं सांगितलं. तात्या तीस वर्षं याच खोलीत. माशांना खाणं घालायचं, पाणी बदलायचं, गाळणीतला गाळ खरवडायचा. तो गाळ मी पाहिला. हिरवट, गिळगिळीत, पकडला की बोटांमधून लांब तार निघायची. तात्यानं त्याच हातानं माझा हात हातात घेतला आणि आपुलकीनं बराच वेळ धरून ठेवला.

दर पंधरवड्याला पेशीताई हौद एकमधल्या प्रत्येक माशाला गुंगी द्यायची, त्याच्या अंगावरचा चिकटा बोथट सुरीनं खरवडून घ्यायची, कापसाची बारीक काडी त्याच्या मागच्या दारात फिरवून नमुना घ्यायची आणि त्याला परत सोडायची. ओळख पटावी म्हणून परांचं टोक कापलेलं असे. हे सगळं तिनं मला एकेक करून दाखवलं. मी तीनदा विचारलं, "माशांना त्रास होत नाही ना?" तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "काका, तुम्हाला होतोय का?"

घरी आलो तर हिनं दारातच अडवलं. "अहो, तिथेच थांबा. शर्ट बाहेर काढा. तुम्ही सही करायला जाता की पोहायला?"

पुढच्या सहा महिन्यांत बिघडत गेलं. हौद एकची रेषा चढू लागली. आधी जराशी, मग चांगलीच. निरोगी माशांच्या पेशी विषाणू न घालताच ओरडत होत्या. पेशीताईनं सगळं पुन्हा केलं. पिपेट बदलल्या, द्रावणं बदलली, हातमोजे बदलले, शेवटी खोली बदलली. रेषा तशीच. संस्थेच्या साहेबांनी समितीला पत्र लिहिलं: संशोधिकेच्या हाताळणीत स्वच्छता नाही, तिच्याच हातून विषाणू निरोगी नमुन्यांत जातो आहे, माशांचा जीव वाया जातो आहे, सबब काम बंद करावं आणि हौद दुसऱ्याला द्यावेत. दुसरा म्हणजे साहेबांचा भाचा. पत्रात तसं लिहिलं नव्हतं, तेवढी स्वच्छता साहेबांकडे होती.

साहेब मोठा स्वच्छ माणूस. तीस पावलांवर हौदखोली, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. बाहेरून जातानाही नाकाला अत्तराचा रुमाल. दाराच्या कड्या कोपरानं उघडायचे.

सभा सोमवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी पेशीताईचा फोन आला.

"काका, तुम्हाला आयत्या वेळी पाहणी करायचा अधिकार आहे ना?"

"असेल. नियम मी वाचलेले नाहीत, पण सही केली आहे."

"उद्या या. मी एक केलंय. मासा हौदातून काढला आणि तिथेच, हौदाच्या काठावर, मूत्रपिंडाचा तुकडा काढून जपणुकीच्या औषधात टाकला. प्रयोगशाळेत नेलाच नाही. तरी रेषा चढलीय. म्हणजे माझ्या टेबलावर काही होत नाहीये. हे मासेच आजार बघून आलेत. पण हौदात विषाणू येतो कुठून? तात्या शपथ घेऊन सांगतो, एकाची जाळी दुसऱ्यात घालत नाही. साहेब म्हणतात, मीच हौद घाण केला. सोमवारी अडीच वर्षांवर पाणी पडणार, काका." मग म्हणाली, "माझ्या हाताला वास येतो हे मला मान्य आहे. पण हात घाण नाहीत माझे."

शुक्रवारी गेलो. हौदखोलीत तात्या नव्हता. पेशीताईनं बाही वर करून हौद एकमधून दोन मासे काढले, माझ्यापुढे धरले. दोन्हींच्या परांची टोकं कापलेली.

"हा बघा, हा माझा. जखम भरून आलीय, टोक सरळ रेषेत कापलंय. आणि हा..." तिनं चष्मा कपाळावर चढवला. "हा कोणी कापलाय? हे कात्रीनं नाही कापलं. हे कुरतडलंय."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि तात्या आला. हातात झाकणाची बादली. आम्हाला बघून तो दचकला वगैरे नाही. "या या, काका!" म्हणाला, झाकण काढलं, आणि आतले दोन जिवंत मासे सरळ हौद क्रमांक एकमध्ये ओतले.

तात्यानं शांतपणे हौद एकच्याच जाळीनं हौदातले दोन टपोरे मासे उचलले, बादलीत टाकले, खिशातून नखं कापायचं यंत्र काढलं आणि नव्या दोघांना शोधू लागला.

"तात्या," मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"शुक्रवार आहे ना आज. साहेबांकडे जेवायला पाहुणे असतात. ते मला बाजारात पाठवतात. जिवंतच आण म्हणतात, आणि स्वच्छ बघून आण म्हणतात."

"मग आणलेस ना?"

"आणले की! पण तुम्ही बाजारातले मासे कधी बघितलेत का, काका? टब बघितलाय का तो? वर फेस, खाली घाण, मेलेल्यांच्या अंगाखाली जिवंत. विकणारा त्यातच थुंकतो. मी डोळ्यांनी बघितलंय. एकाच्या कल्ल्यांवर असा पांढरा बुरा. शी! साहेबांसारख्या माणसाच्या पोटात हे घालू? माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मग म्हटलं, आपल्या इथे इतके निर्मळ मासे आहेत, ताई त्यांना लहान मुलासारखं जपते. हौद एकमधलेच देतो बरं का. दोन-तीन-चारमधले आजारी, त्यांना हात लावत नाही. एवढी अक्कल आहे मला."

"किती दिवस झाले?" पेशीताईनं विचारलं.

"झाले की सहा-सात महिने. साहेबांचा आधीचा माणूस सोडून गेला ना, तेव्हापासून. पण ताई, नोंदवहीला धक्का नाही हां. दोन गेले की दोन आले. परसुद्धा कापतो आठवणीनं."

पेशीताई उपड्या बादलीवर बसली. तिच्या मांडीवरून, कोपरावरून हौदाचं पाणी ओघळत होतं. तात्याला वाटलं चक्कर आली. तो तिच्या तोंडावर पाणी मारायला धावला, हौदातलं. मी मधे पडलो.

"तात्या, त्या घाणेरड्या टबातले मासे तू माझ्या हौदात सोडलेस," ती म्हणाली. "त्यांनी बाकीच्यांना आजार दिला. ते मरत नाहीत, पण पेशींना कळलंय ना! सहा महिने त्या पेशी ओरडून ओरडून मला हेच सांगत होत्या."

तात्या विचारात पडला. मग अगदी हळू म्हणाला, "साहेबांना सांगू नका हं हे. त्यांना किळस येईल."

सोमवारी सभा भरली. अध्यक्ष म्हणून पशुवैद्य बाई, साहेब, पेशीताई, मी आणि बिस्किटं. साहेबांनी पत्र वाचलं. 'स्वच्छता' हा शब्द त्यांनी इतका सावकाश उच्चारला, की तोही धुतलेला वाटला. पेशीताईनं हौदाच्या काठावरच्या तपासणीचा कागद पुढे केला.

"मॅडम," साहेब म्हणाले, "म्हणजे दोष माशांचा? तुमचा नाहीच? माझ्या संस्थेतले मासे बाहेर फिरायला जातात आणि आजार घेऊन येतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"साधारण तसंच," पेशीताई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला काही विचारायचंय?"

"विचारायचंय," मी म्हणालो. "साहेब, शुक्रवारी तुमच्याकडचा मासा चवीला कसा असतो?"

साहेबांना आधी राग आला. पण विषय आवडीचा होता. "उत्तम! लोण्यासारखा. अंगावर डाग नाही, चिकटा नाही. आमचे पाहुणे विचारतात, कुठून आणता म्हणून. पण त्याचा इथे काय संबंध?"

"चिकटा का नाही, ते ताई सांगेल," मी म्हणालो.

पेशीताईनं सांगितलं. अजिबात आवाज न चढवता, तारखा देऊन. दर पंधरवड्याला गुंगीचं पाणी. बोथट सुरी. मग कापसाची काडी, आणि ती नेमकी कुठे. साहेब ऐकत होते; अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तात्याला आत बोलावलं. त्याला वाटलं कौतुकासाठी बोलावलंय. त्यानं बाजारातल्या टबाचं इतक्या मनापासून वर्णन केलं, की अध्यक्षबाईंनी, जन्मभर गुरांच्या पोटात हात घातलेल्या बाईंनी, बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"तुमच्यासाठीच केलं, साहेब," तात्या म्हणाला. "ती घाण तुमच्या पोटात जाऊ नये म्हणून. ताईच्या हौदातले दिले. ते तर दर पंधरवड्याला तपासलेले."

साहेबांनी रुमाल नाकाकडे नेला, तो तोंडापर्यंतच पोचला. चेहरा हौदाच्या गाळाच्या रंगावर आला.

"विषाणू..." ते म्हणाले.

"माणसाला काही होत नाही, सर," पेशीताई म्हणाली. "हा विषाणू माशापुरता. काळजी करू नका. फक्त ती काडी..."

साहेब उठले. दाराची कडी कोपरानं उघडायला त्यांना सवड मिळाली नाही. कोपऱ्यात कागदांची टोपली होती. पुढची दोन मिनिटं सभेत जे ऐकू आलं ते इतिवृत्तात घेता येण्यासारखं नव्हतं. अत्तर आणि ते, असा एक मिश्र वास खोलीभर पसरला. मला हौदखोलीची आठवण झाली, आणि तीसुद्धा बरी वाटली.

तोंड पुसून साहेब परत बसले. "तांत्रिक अडचणीमुळे नमुने बाधित झाले, एवढंच लिहा," ते म्हणाले. "पत्र मी मागे घेतो. प्रकरण इथेच मिटवू."

"नाही," पेशीताई म्हणाली. "सहा महिन्यांच्या नोंदी फेकून द्याव्या लागणार आहेत. त्या मी फेकते, माझ्या हातानं. चांगल्या दिसताहेत त्यातल्या चार वेचून ठेवणार नाही. पण कारण लिहा. मासे बदलले गेले. कोणाच्या जेवणासाठी, ते लिहा. आणि माझे हात स्वच्छ होते, हे लिहा. नवे मासे द्या, हौदखोलीची किल्ली माझ्याकडे द्या. आणि तात्या माझ्याकडेच राहील. बाजारात जाणार नाही."

"तात्याला ठेवणार?" मी न राहवून विचारलं.

"काका, आजार ओळखायला मला यंत्र लागतं. या माणसाला टब बघूनच किळस आली. फक्त घाण चुकीच्या ठिकाणी नेऊन ओतली त्यानं."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. साहेबांनी सही केली. त्यांचं पेन टोपलीकडे पडलं होतं, ते उचलायला कोणी वाकलं नाही. माझं दिलं आणि परत मागितलं नाही.

हौद एक रिकामा करावा लागला. त्यातले सगळे मासे मारावे लागले, समितीच्या एका सदस्यासमोर. सामान्य माणूस दुपारी मोकळा असतो. एकेक मासा गुंगीच्या पाण्यात जात होता, कलत होता. तात्या तोंड फिरवून मोजत होता आणि मधेच शर्टाला नाक पुसत होता. हौदाच्या तळाशी उरलेल्या चिकट्यात पेशीताईचे बूट चपचप वाजत होते. मला डाव्या बेसिनकडे जावं लागलं. वेळेवर पोचलो, हे सांगितलं पाहिजे.

नवे मासे आले, महिनाभर वेगळे ठेवले, आणि मग तिनं मला फोन केला, "काका, याच." गेलो तेव्हा पहिला मासा आधीच कापून झाला होता. पच्च आवाज झाला होता, साय तरंगून झाली होती. यंत्र चालू होतं. आम्ही दोघं आणि तात्या पडद्यापुढे उभे. पाच मिनिटं गेली. दहा गेली. विषाणू घातलेल्या नमुन्याची रेषा उठली आणि चढत गेली. हौद एकची रेषा खालीच पडून होती. आणखी पाच मिनिटं गेली.

"मग?" मी विचारलं. "काय झालं?"

"काही नाही," पेशीताई म्हणाली. "काहीच नाही झालं, काका! बघा ना, एक पेशी ओरडत नाहीये!"

आणि तिनं मला मिठी मारली. हातमोजे काढायचं तिला सुचलं नव्हतं. माझ्या मानेवरून काहीतरी गार, बुळबुळीत, काळपट लाल हळूहळू कॉलरच्या आत उतरत होतं. मी श्वास रोखला, डोळे मिटले, आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिलो.